एकाच हाताचं कालवण

आमच्या खात्याच्या प्रमुखाने माझ्या सहकाऱ्याला फसवलं, आणि त्यासाठी आधी मला फसवलं. कसं ते लिहिते. नावं लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की वकील दारात येतो एवढं मला कळतं. ज्याचं आहे त्याला वाचल्यावर समजेल.

मी अंधेरीच्या कोळीवाड्यातली. आईचा मासळी बाजारात ओटा आहे. शाळेत असताना सुट्टीच्या दिवशी मी तिच्या बाजूला बसायची. गिऱ्हाईक पापलेट उचलून वास घेतं, तोंड वाकडं करतं, चार पावलं पुढे जातं, आणि तेव्हा त्याच्या पाठीकडे बघून कळतं की हा परत येणार की नाही. हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही. कॉलेज मी सकाळचं केलं, नोकरी दुपारची केली, आणि मग हळूहळू मरोळच्या ह्या ऑफिसात येऊन पोचले. आज माझ्या हाताखाली एक पूर्ण शिफ्ट आहे. कोणाच्या ओळखीने नाही, चिठ्ठीने नाही.

आमचं काम जपानच्या बाजाराचं आहे. तिकडचा बाजार आपल्या पहाटेच उघडतो, म्हणून आमचा दिवसही पहाटे सुरू होतो. आई बंदरावर माल घ्यायला निघते आणि मी ऑफिसला, एकाच वेळी. गल्लीच्या तोंडाशी ती टेम्पोत चढते आणि मी गाडीत. ती गाडीसुद्धा मी भांडून मिळवलेली. प्रमुख म्हणाले होते, "रिक्षाचे पैसे देऊ." मी म्हटलं, "सर, ह्या वेळेला मुलुंडहून येणाऱ्या बाईला रिक्षा तुम्ही शोधून द्या, मग पैशांचं बोलू." गाडी मिळाली. दारापासून दारापर्यंत. मुलुंडची मंडळी अजून म्हणतात की कांजूरला वारा फिरला आणि कचराडेपोचा तो वास आत आला, की सगळी गाडी एकदम जागी होते, अलार्म लागत नाही.

काम काय, ते सांगते. कंपनीच्या शेअरवर किंवा फंडाच्या युनिटवर ऑप्शन घेता येतो. ऑप्शन म्हणजे ठरल्या भावाने पुढे माल घेण्याचा किंवा देण्याचा हक्क. माल नव्हे, नुसता हक्क. पण एकाच माणसाने असे हक्क वाटेल तेवढे गोळा केले, तर मुदत भरायच्या सुमारास तो सगळ्या बाजाराच्या छातीवर बसतो. समोरच्याला मग तो म्हणेल तो भाव. म्हणून तिथे प्रत्येक शेअरला, प्रत्येक फंडाच्या युनिटला मर्यादा असते: एका हाताखाली एवढेच करार. भरपूर खपणाऱ्या शेअरला मोठी मर्यादा, कमी खपणाऱ्याला लहान. आमच्याकडे परदेशी ब्रोकरची खाती येतात. कोणी मर्यादेच्या वर जातंय का, हे आम्ही रोज बघतो. बेरीज संगणक करतो. माणसाने ठरवायचं ते एवढंच, की कोणकोणती खाती मिळून एक हात धरायचा. सगळी गोम तिथे आहे.

माझ्या टीमला हे समजावताना मी पहिल्या दिवशी आमच्या बाजाराची गोष्ट सांगते.

आमच्या बाजारात एका चुलीला एक ओटा. कागदावर लिहिलेलं नाही, पण कोणी मोडत नाही. का, तर एका घराने चार ओटे धरले तर रविवारचं सगळं पापलेट त्याच्याच हातात, मग भाव तो सांगेल. एका घराने तेच केलं. होड्या होत्या, टेम्पो होता, चार सुना होत्या. सासूने जाहीर केलं की सुना वेगळ्या झाल्या. घरात चार शेगड्या मांडल्या आणि चार ओटे मागितले. मिळालेही. मग दर रविवारी पापलेट त्या चारच ओट्यांवर. बाकीच्या बायका बोंबील घेऊन बसलेल्या.

तेव्हा बाजारातली जी मोठी म्हातारी होती ती चार बायका बरोबर घेऊन हळदीकुंकवाचं निमित्त काढून त्या घरी गेली, तीही जेवायच्या वेळेला. चारही शेगड्यांवर टोप होते. म्हातारीने चारही टोपांतलं कालवण तळहातावर घेऊन चाखलं. सगळा कोळीवाडा कालवणात चिंच घालतो, ती सासू मात्र आंबोशी, म्हणजे सुकवलेली कैरी घालायची. चारही टोपांत आंबोशी. म्हातारी म्हणाली, "चौघी चार गावच्या, चौघींच्या आया चार. मंग चारी टोपांत ह्या सासूचाच हात कसा गो?" तीन ओटे त्याच आठवड्यात काढून घेतले.

म्हणून आमच्या टीमचा शब्द आहे 'चूल'. ही दोन खाती एका चुलीची का दोन? कागदावर काय लिहिलंय ते बघा, पण कालवण चाखल्याशिवाय सही करू नका. ऑप्शन घेणारे दोन फंड वेगळे म्हणवतात, पण खरेदीचा हुकूम एकाच माणसाच्या डोक्यातून निघतो का, हे बघायचं. निघत असेल तर ती एक चूल, नावं कितीही असोत. आणि उलटही असतं. एकाच मालकाचे दोन फंड असतील, पण दोघांचे निर्णय खरोखर दोन वेगळी माणसं घेत असतील आणि एकमेकांना विचारत नसतील, तर वेगळी चूल धरायची आमच्याकडे पद्धत आहे. मात्र ते लेखी हमीवर, आणि तपासून.

एका वर्षी नव्या लोकांना मी ही गोष्ट सांगत होते तेव्हा प्रमुख मागे येऊन बसले. सगळ्यांत जास्त तेच हसले. नंतर खाली टपरीवर चहा घेताना म्हणाले, "मॅडम, गोष्ट मस्त आहे तुमची. पण मला सांगा, सापडू नये म्हणून त्या सुनांनी काय करायला हवं होतं?"

मी हसत म्हटलं, "सोपं आहे सर. प्रत्येकीने आपापल्या आईचा मसाला घालायचा."

ते म्हणाले, "वा." आणि चहाचे पैसे त्यांनी दिले.

ह्या माणसाने त्याआधी कधी चहाचे पैसे दिले नव्हते. कटिंग सांगायचे आणि उठताना फोन कानाला लावायचे. त्या दिवशी खिशात हात गेला तेव्हाच मला समजायला हवं होतं की मी काहीतरी विकून बसले आहे, आणि तेही भाव न विचारता.

आता माझ्या सहकाऱ्याबद्दल. आम्ही एकाच महिन्यात लागलो, तेव्हापासून अरेतुरे. तो कोकणातला. वडील गिरणीत होते; गिरणी गेल्यावर मुलुंडला आले. जागा एकच, भाऊ दोन, आणि आई गेल्यावर दोन्ही भावांच्या चुली वेगळ्या झाल्या. मी त्याच्या घरी गेले आहे. स्वयंपाकाचा कट्टा एक. त्याच्या मधोमध काळ्या टाईलची एक पट्टी. पट्टीच्या अलीकडे ह्याची शेगडी, पलीकडे मोठ्या भावाची. दोन सिलिंडर, दोन मिठाच्या बरण्या. दोन जावा एकमेकींकडे पाठ करून फोडणी देतात, कोपराला कोपर लागतो, पण पट्टी ओलांडून चिमूटभर हळद जात नाही. भांडण नाही हं. सणाला सगळे एकत्र बसतात. पण चूल वेगळी म्हणजे वेगळी. वहिनीच्या टोपावरचं झाकण ह्याने कधी उचललेलं नाही. त्याच्या लेखी तो घाणेरडेपणा आहे.

माझ्या गोष्टीवर म्हणूनच तो नाक मुरडायचा. "तुमची ती म्हातारी गो, दुसऱ्याच्या टोपात हात घालून चाखते म्हणजे काय? आमच्यात असं कोणी केलं तर पाणी नाही विचारणार परत."

"अरे, मग चोर सापडणार कसा?"

"माणसाने तोंडाने सांगितलं ना, वेगळी चूल आहे म्हणून? मग संपलं. त्याच्यापुढे विचारायचं म्हणजे त्याच्या बायकोला खोटं पाडायचं."

हे तो हसत बोलायचा आणि काम मात्र चोख करायचा, म्हणून मी सोडून द्यायची. पण त्याच्या आत हे खरंच होतं. ह्याच जागेवर नेम धरला गेला.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मी एक आठवडा रजेवर होते. परत आले तेव्हा आमच्या यादीत एका मोठ्या गुंतवणूकदाराचे तीन फंड तीन चुली म्हणून चढले होते. रजेवर जाताना ते एक होते. तिघांकडे एकाच लहानशा कंपनीच्या शेअरवरचे ऑप्शन. वेगवेगळं धरलं तर तिघेही मर्यादेच्या आत. एकत्र धरलं तर मर्यादेच्या कितीतरी वर.

मी खुर्ची ओढून त्याच्या बाजूला बसले. "हे कोणी वेगळं केलं?"

"मी."

"कशावरून?"

"सरांनी बोलावलं होतं. हमीपत्र आलंय म्हणाले, तिन्ही फंडांचे निर्णय वेगवेगळे घेतले जातात म्हणून. स्क्रीनवर दाखवलं. म्हणाले, आज चढवून टाक, फाईलला मी नंतर लावतो."

"तू वाचलंस?"

"वर लिहिलेलं होतं ना. वेगळे निर्णय, वेगळी माणसं."

"मी विचारते, वाचलंस का?"

"गो, वेगळी चूल म्हणून लिहून दिल्यावर मी अजून काय वाचायचं होतं?" त्याचा आवाज चढला. माझाही चढला. आजूबाजूच्या दोघी हेडफोन लावून बसल्या. मी त्याला गाढव म्हटलं. तो मला म्हणाला की तुझ्या म्हातारीला घेऊन ये आणि जपानला पाठव. दिवसभर आम्ही बोललो नाही. त्याची ही चूक मी झाकत नाही. पण ती भोळ्या माणसाची चूक होती, आणि जो माणूस त्याच्या भोळेपणाचा पत्ता काढून, माझ्या रजेचा आठवडा साधून ती करवून घेतो, त्याच्या कृत्याला चूक म्हणत नाहीत.

फाईलला हमीपत्र लागलं नव्हतं. मी विचारलं, "सर, कुठे आहे?" ते म्हणाले, "येतंय."

मी त्या तिन्ही फंडांचे व्यवहार काढून चाखायला बसले. पहिला सकाळी सकाळी थोडंथोडं उचलायचा. दुसरा दिवसातून एकदाच, मोठा घास. तिसरा, बाजार बंद व्हायच्या आधी, तोही भाव घासून. तिघांच्या तीन तऱ्हा. बघता बघता माझ्या लक्षात आलं. हा माझाच शब्द होता. प्रत्येकीने आपापल्या आईचा मसाला. एक चहा पाजून ह्या माणसाने माझ्याकडून कसोटी विकत घेतली, त्या गुंतवणूकदाराला शिकवली, आणि आता माझ्यासमोर तीन वेगळ्या चवींचे तीन टोप मांडून ठेवले होते.

मी केबिनमध्ये गेले. "सर, हे तीन एक आहेत."

"आपण असं नुसतं म्हणू शकत नाही मॅडम. मोठा क्लायंट आहे. तिमाही संपू दे, मग आपण बघू या."

"तिमाही? उद्या."

"उद्या कसं शक्य आहे?"

"मग परवा."

"मॅडम, हा मासळीबाजार नाही."

"माहीत आहे सर. मासळीबाजारात हे खपलं नसतं."

ते हसले. मला त्यांच्या त्या हसण्याची चीड येते. ओठ हसतात आणि डोळे घड्याळाकडे जातात. बरीच घासाघीस झाली. शेवटी मी त्यांना महिनाअखेरवर आणलं. त्याआधी मी पुरावा आणायचा, आणि आणला तर त्यांनी जपानच्या बाजाराकडे लिहायचं. मी म्हटलं, "मी लिहिते, तुम्ही पाठवा." म्हणाले, "नाही, मी स्वतः लिहीन." मी म्हटलं, "तुमच्या सहीने." म्हणाले, "माझ्या सहीने. झालं समाधान?"

झालं होतं. मी केबिनमधून बाहेर आले ती सौदा जिंकल्यासारखी.

पुरावा मिळाला तो असा. त्याच महिन्यात एके दिवशी त्या लहान कंपनीबद्दल वाईट बातमी आली आणि शेअर कोसळायला लागला. ज्याच्या हातात एवढे ऑप्शन आहेत तो अशा वेळी खुर्चीत बसून राहत नाही. विकतो, घेतो, आधीची ऑर्डर रद्द करतो, काहीतरी करतो. हे तिन्ही फंड गप्प. सकाळवाला गप्प, मोठा घासवाला गप्प, शेवटचा गप्प. दुसऱ्या दिवशीही गप्प. सगळा बाजार धावतोय आणि ह्या तीन घरांतून धूर नाही. मग आठवडा पालटला, आणि एका सकाळी तिघेही जागे झाले, पुन्हा आपापल्या तऱ्हेने, जणू काही झालंच नव्हतं.

मसाले तीन केले होते हो, पण रांधणारा एकच होता. तो आजारी पडला असेल, प्रवासात असेल, काय असेल ते असो. तो नव्हता तेव्हा तिन्ही घरं उपाशी राहिली.

मी सहकाऱ्याला दाखवलं.  रागावला की तो मालवणीवर जातो. हळूच म्हणाला, "माका फसवल्यान गो ह्येनी." मग खुर्चीत सरळ बसून म्हणाला, "दे पाठवून. माझी चूक झाली असं लिही हवं तर. पण हमीपत्र दाखवलं होतं तेही लिही."

मी सगळं मांडून केबिनमध्ये दिलं. प्रमुखांनी नीट वाचलं. "उत्तम काम," म्हणाले. "माझ्यावर सोडा."

काही दिवसांनी जपानच्या मंडळींशी व्हिडिओ कॉल होता. तिकडून एक बाई, त्यांच्या बाजूला दुभाषी. त्या बोलल्या, मान लववली, आणि दुभाष्याने सांगितलं, "आपल्या कर्मचाऱ्याने खाती चुकीने वेगळी मोजली, हे आपण स्वतःहून कळवलंत, ह्याबद्दल आम्ही आभारी आहोत. गुंतवणूकदाराने करार कमी करायचं मान्य केलं आहे. संबंधित कर्मचाऱ्याबद्दल आपण योग्य ती कारवाई करताय, हेही आम्ही नोंदवून घेतलं."

माझ्या डोक्यात घण बसला. मी माईक चालू केला. "एक मिनिट. कर्मचाऱ्याला हमीपत्र दाखवलं गेलं होतं—"

माझ्या चौकोनावर लाल खूण आली. कॉल प्रमुखांनी लावलेला होता, आवाज बंद करायचं बटण त्यांच्या हातात होतं. मी बोलत होते आणि पडद्यावर माझं तोंड नुसतं हलत होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "हा आमचा अंतर्गत भाग आहे, आम्ही बघतो." त्या बाईंनी पुन्हा मान लववली. संपलं.

कॉल संपल्यावर मी केबिनचा दरवाजा ढकलूनच आत गेले. "सर, आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं तसंच केलं मॅडम. मी लिहिलं. स्वतः. माझ्या सहीने."

"हमीपत्राचं काय?"

"कुठलं हमीपत्र? फाईलला आहे का?"

"तुम्ही त्याला दाखवलंत!"

"त्याने हातात घेतलं? त्याच्याकडे प्रत आहे?" मग तोच सौम्य आवाज. "मॅडम, तुम्ही चांगल्या बाई आहात. रागाच्या भरात स्वतःचं नुकसान करून घेऊ नका."

आयुष्यभर मी भाव केले. खवले काढून देणार का, बर्फ वेगळा धरणार का, सगळं आधी बोलून घ्यायची सवय. आणि इथे मी सही कोणाची यावर घासाघीस केली, मजकूर काय यावर केलीच नाही. त्यांनी शब्द पाळला आणि माझ्याच पुराव्याने माझ्या माणसाचा गळा कापला.

सहकाऱ्याला त्याच दुपारी वर बोलावलं. लॅपटॉप ठेवून घेतला. टेबलावरचा डबा आणायला तो परत आला तेव्हा त्याचं कार्ड दरवाज्याला चाललं नाही. ज्या दारातून इतकी वर्षं गेला त्याच्या काचेबाहेर उभा राहून तो मला खुणेने म्हणाला, डबा. मी डबा घेऊन बाहेर गेले. टपरीवर बसलो. त्याने चहा घेतला नाही.

"माझा चुकला खंय, ता तरी सांगा म्हटलं त्यांना," तो म्हणाला. "म्हणाले, राजीनामा द्या, नाहीतर आम्हाला लिहावं लागेल. मी म्हटलं, लिहा. मी काय चोर असंय? तर लिहिलं."

"काय लिहिलं?"

"मर्यादेच्या कामात जाणूनबुजून निष्काळजीपणा."

आमचं क्षेत्र लहान आहे. मरोळपासून पवईपर्यंत जी ऑफिसं हे काम करतात, त्यांतली माणसं एकमेकांना ओळखतात. तो मुलाखतींना गेला. कामाचं बोलणं झकास व्हायचं, आणि मग ते जुन्या ऑफिसला फोन करायचे. त्यानंतर काहीच नाही. नकारसुद्धा नाही. आजही तो घरी आहे. हे एक वाक्य पुसलं जात नाही तोवर त्याला आमच्या कामात कोणी उभं करणार नाही, आणि दुसरं काम ह्या वयात नव्याने शिकायचं म्हणजे काय ते त्याला विचारा.

मध्यंतरी मी आईकडून सुरमई घेऊन मुलुंडला गेले. त्याच्या बायकोने पिशवीकडे बघितलं, घेतली नाही. "ताई, या, बसा. पण हे नको. आम्ही अजून विकत घेतो." मी पिशवी मागे घेतली. बरोबर होतं तिचं.

तो मला सोडायला जिन्यापर्यंत आला. म्हणाला, "परवा काय झालं ठाऊक आहे? वहिनीने बांगड्याचं तिखलं केलं आणि वाटी भरून पट्टीच्या अलीकडे ठेवली.  ठेवली आणि पाठ केली."

"मग चांगलंच झालं ना रे."

"चांगलं?" तो म्हणाला. "इतकी वर्षं पट्टी होती ती आम्ही दोघे भाऊ बरोबरीचे होतो म्हणून होती. आता ती वाटी आली. पोरांनी खाल्लं. माझ्या घशाखाली उतरलं नाही."

मला रडू येत नाही, राग येतो. 

घरी आईला सांगितलं. ती डोळ्यात औषध घालून आडवी पडली होती. म्हणाली, "आन तो अजून त्याच खुर्चीवर हाय?"

"वरच्या खुर्चीवर आहे. बढती मिळाली."

"आमच्या बाजारात असता तर आमी चौघीजणी त्याच्या दारात मासळीच्या पाट्या उतरवून बसलो असतो. मासळी सडंपर्यंत."

"ऑफिसात पाट्या नसतात आई."

"मंग तुज्याकडं काय हाय?"

मला लिहिता येतं, एवढंच माझ्याकडे आहे. वर तक्रार केली. उत्तर आलं की प्रकरण बंद झालं आहे. नोकरी सोड असं चार जणांनी सांगितलं. सोडणार नाही. मी सोडली तर त्यांचं काम सोपं होईल. मी रोज पहाटे जाते, तिथेच बसते, आणि ते मजल्यावरून गेले की मान वर करून त्यांच्याकडे बघते.

गेल्या महिन्यात नवी तुकडी आली. प्रशिक्षणाला आता ते स्वतः उभे राहतात. मी दाराशी थांबून ऐकलं. "आमच्या ओळखीत एक घर होतं," ते सांगत होते, "चार सुना, चार चुली..." मुलं हसत होती. आंबोशी त्यांना म्हणताही आली नाही, कोकम म्हणाले. आणि शेवटी फळ्यावर लिहिलं: कालवण चाखल्याशिवाय सही करू नका.

एका पोरीने हात वर केला. "सर, पण सही करणाऱ्याला साहेबच म्हणाले, चाखू नको, तर?"

ते हसले आणि घड्याळाकडे बघितलं. म्हणाले, "चला, चहाची वेळ झाली."

नाही. चहाची वेळ झालेली नाही. त्या पोरीने विचारलं ते मी पुन्हा विचारते, आणि ह्या वेळी माझा आवाज बंद करायचं बटण तुमच्या हातात नाही. ते हमीपत्र स्क्रीनवर कोणी आणलं? तीन फंडांना तीन चवी कोणी शिकवल्या? मर्यादा मोडणाऱ्याला करार कमी करायला सवलत मिळाली, तुम्हाला बढती मिळाली, आणि ज्याने तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला त्याच्या नावावर 'जाणूनबुजून' लिहिलं, ते कोणाच्या हाताने? तुमच्या वर जे बसले आहेत त्यांनाही विचारते: प्रकरण बंद केलंत ते कालवण चाखून, की झाकण न उचलताच? मुलुंडमध्ये एक माणूस घरी बसला आहे. ते एक वाक्य पुसा आणि खरं वाक्य लिहा, सहीसकट. ह्या वेळी मजकूर मी आधी वाचणार. उत्तर द्या.